चावडीवरील फलक सुबोध कसा करावा

कोणत्याही गावी ग्रामपंचायतीच्या कचेरीसमोर थोडा वेळ उभे राहून तेथील भिंतीकडे पाहावे. पीकविम्याची मुदत, माती परीक्षणाचे महत्त्व, लसीकरणाचा दिवस, बीजप्रक्रियेची कृती, एखाद्या योजनेचा तक्ता, असे दहापंधरा फलक तेथे दाटीने लावलेले आढळतात. त्याच भिंतीला पाठ टेकून गावातील पाचसहा मंडळी सायंकाळी बसलेली असतात. त्यांपैकी एखाद्यास, मागे वळून न पाहता, भिंतीवर काय लिहिले आहे असे विचारावे. बहुधा उत्तर मिळत नाही. फलक तेथे वर्षभर असतो, माणूसही तेथेच असतो. परंतु दोघांची गाठ पडलेली नसते.

ह्यात बसणाऱ्या मंडळींचा दोष फारसा नाही. फलक लिहिणाऱ्याने आपणास काय सांगावयाचे आहे एवढाच विचार केलेला असतो. पाहणाऱ्यास आज, ह्या आठवड्यात, आपल्या शेतात काय ठरवावयाचे आहे, हा विचार त्याने केलेला नसतो. कचेरीत माहिती पुष्कळ असते आणि भिंत मोठी असते. म्हणून ती सर्व माहिती भिंतीवर उतरते. चित्र काढले म्हणजे अडाण्यासही कळेल, अशी एक समजूतही रूढ आहे. ती खरी नाही. चित्र हीसुद्धा एक भाषा आहे व ती शिकावी लागते. ज्याने ती शिकलेली नाही त्यास चित्रही अक्षराइतकेच मुके वाटते, आणि क्वचित ते भलतेच काही सांगून जाते.

ही गोष्ट केवळ नीटनेटकेपणाची असती तर तिच्यासाठी ह्या पत्रिकेची पाने खर्च करण्याचे कारण नव्हते. पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. डोक्यापर्यंत वाढलेली पराटी, अनेक कीटकनाशकांचे एकत्र मिश्रण, तोंडावर साधे फडकेही नसणे, अशी कारणे त्या वेळी पुढे आली. ज्या डब्यांतील द्रव त्या माणसांनी पंपात ओतला, त्या डब्यांवर धोक्याची सूचना छापलेली असावी असा कायदा आपल्या देशात १९६८ पासून आहे. सूचना छापणे व सूचना पोहोचणे ह्यांत केवढे अंतर आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

चार रंगांचे शंकरपाळे

ती सूचना कशी असते ते प्रथम पाहू. कीटकनाशकाच्या प्रत्येक लेबलावर एका कोनावर उभा केलेला चौकोन असतो. आपल्या शंकरपाळ्याचाच तो आकार. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे लेबलाच्या दर्शनी भागाचा निदान सोळावा हिस्सा त्याने व्यापलेला असावा लागतो. ह्या शंकरपाळ्याचे आडवे दोन त्रिकोण केलेले असतात. खालच्या त्रिकोणात रंग असतो व वरच्या त्रिकोणात इशाऱ्याचा शब्द. रंग चार आहेत. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्याच्या वरच्या त्रिकोणात कवटी व हाडांची फुली असून विष असा शब्द लाल अक्षरांत असतो. पिवळा म्हणजे अतिविषारी. येथे कवटी नसते, परंतु विष हा शब्द असतोच. निळा म्हणजे मध्यम विषारी, त्यावर धोका ह्या अर्थाचा शब्द. हिरवा म्हणजे कमी विषारी, त्यावर सावधान ह्या अर्थाचा शब्द.

ही वर्गवारी प्रयोगशाळेत होते. प्रयोगासाठी घेतलेल्या प्राण्यांपैकी निम्मे प्राणी मरण्यास, त्यांच्या वजनाच्या दर किलोस किती मिलिग्रॅम विष पोटात जावे लागते, ते मोजतात. ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्यापुढे हिरवा. म्हणजे एका रंगावरून पुढच्या रंगाकडे जाताना ही मर्यादा दहापट होते. व्यवस्था विचारपूर्वक केलेली आहे ह्यात शंका नाही.

आता हेच चिन्ह गावातील माणसाच्या डोळ्यांनी पाहावे. लाल रंगाविषयी अडचण येत नाही. परंतु पिवळा हा आपल्याकडे हळदीचा व भंडाऱ्याचा रंग. लग्नकार्यातील हा रंग दुसऱ्या क्रमांकाच्या विषाची खूण असेल, असे कोणाच्या सहज मनात येत नाही. निळ्या रंगास धोक्याचा असा काही अर्थ आपल्या व्यवहारात नाही. आणि हिरवा? हिरवे म्हणजे पीक, हिरवे म्हणजे रस्त्यावरील दिव्याने दिलेली वाट. हिरवा त्रिकोण पाहून हे औषध निर्धोक आहे असे मानणारा मनुष्य मूर्ख नव्हे. आजवरच्या अनुभवाने त्याला रंगाचा जो अर्थ शिकविला तोच तो लावतो. त्यात आपण सर्वजण कीटकनाशकास औषध म्हणतो! रोग्याने औषध चमचाभर जास्त घेतले तर लवकर गुण येईल, असे वाटावे तसेच मग फवारणीतही वाटू लागते. फलक लिहिणाऱ्याने निदान आपल्या फलकापुरता औषध हा शब्द सोडून कीटकनाशक किंवा विष असे लिहावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ह्याहून मोठी अडचण पिवळ्या रंगाची आहे. भारतीय हवामान विभागाच्या इशाऱ्यांतही चार रंग वापरतात. तेथे हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे हवामानावर लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. मोबाइलवर व वर्तमानपत्रांत हे इशारे पावसाळाभर येत असल्यामुळे ते आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. ह्या मांडणीत पिवळा हा सर्वांत सौम्य इशारा ठरतो. डब्यावरचा पिवळा मात्र लालच्या खालोखालचे विष दाखवितो. एकच शेतकरी सकाळी मोबाइलवर पिवळा पाहतो व दुपारी डब्यावर पिवळा पाहतो. दोहोंचा अर्थ वेगळा आहे हे त्यास सांगितल्याशिवाय कळण्यास मार्ग नाही.

म्हणून खरीप हंगामापूर्वी प्रत्येक गावात एक फलक अवश्य करावा. त्यावर चारही शंकरपाळी एकाखाली एक, लाल सर्वांत वर व हिरवे सर्वांत खाली, अशी मोठ्या आकारात रंगवावीत. लहान बाटलीवर हे चिन्ह अंगठ्याच्या नखाहून फारसे मोठे नसते. त्यामुळे ते प्रथम मोठे दाखविणे जरूर आहे. प्रत्येकाशेजारी एकच शब्द लिहावा. हिरव्याशेजारी ‘हेही विषच’ असे लिहिण्यास विसरू नये. फलक लावून झाल्यावर दोनचार रिकामे, धुऊन निकामी केलेले डबे घेऊन उभे राहावे व जमलेल्या मंडळींस डब्यावरील शंकरपाळे शोधून फलकावरील जोडीदार दाखविण्यास सांगावे. फवारणी करणारा बहुधा मजूर असतो आणि डबा विकत आणणारा मालक असतो. मालकास कळले म्हणजे मजुरास कळले असे होत नाही. म्हणून मजुरांच्या वस्तीतही हा कार्यक्रम करणे इष्ट.

मोठा डास व उलटा बेचका

विस्तारकार्यात एक जुनी गोष्ट सांगतात. हिवतापाच्या प्रचारासाठी डासाचे हातभर लांबीचे चित्र गावकऱ्यांस दाखविण्यात आले. त्यांनी ते लक्षपूर्वक पाहिले व समाधानाने म्हणाले, एवढे मोठे डास आमच्याकडे नाहीत, तेव्हा आम्हास भय नाही. गोष्ट कोणत्या गावी घडली हे सांगता येत नाही, आणि ती देशोदेशी थोड्याफार फरकाने सांगितली जाते. तरीही तिच्यातील मर्म खरे आहे. लहान वस्तू मोठी करून दाखविणे ही शाळेत, भिंगाच्या साहाय्याने, शिकविली जाणारी रीत आहे. ज्याने भिंग कधी डोळ्यास लावले नाही, तो चित्रातील आकार हाच खरा आकार समजतो.

मक्यावरील लष्करी अळीचे उदाहरण घेऊ. ही कीड मूळची अमेरिका खंडातील असून २०१८ साली ती भारतात प्रथम आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. इतर अळ्यांपासून ती वेगळी ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. तिच्या डोक्यावर फिकट रंगाची फाटा फुटलेली रेघ असते, आणि शेपटीकडील शेवटून दुसऱ्या भागावर चार काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात. बहुतेक पत्रकांत पहिल्या खुणेचे वर्णन ‘इंग्रजी उलटा वाय’ असे केलेले असते. ज्यास इंग्रजी मुळाक्षरे येतात त्यास हे वर्णन सोयीचे आहे. ज्यास येत नाहीत त्यास ते निरुपयोगी होय. लहानपणी चिंचा पाडण्यासाठी प्रत्येकाने फांदीचा बेचका वापरलेला असतो. तोच बेचका उलटा धरला की ही खूण तयार होते. फलकावर तसे लिहावे व शेजारी उलट्या बेचक्याची चारदोन रेघांची आकृती काढावी.

अळीचे चित्र दोन वेळा काढावे. एक मोठे, ज्यात वरील दोन्ही खुणा स्पष्ट दिसतील. आणि त्याच्या शेजारी दुसरे, प्रत्यक्ष आकाराचे. पूर्ण वाढलेली अळी सुमारे तीनचार सेंटिमीटर लांब असते. हे लहान चित्र माणसाच्या बोटावर किंवा मक्याच्या पोंग्यात दाखवावे म्हणजे मापाविषयी संशय राहत नाही. ज्या दोन खुणांवर ओळख अवलंबून आहे त्यांखेरीज अळीच्या अंगावरील इतर छटा, पार्श्वभूमीचे शेत, वरती उगवता सूर्य, हे सर्व गाळावे. रंगाऱ्यास सूर्य काढण्याची फार हौस असते. त्यास नम्रपणे थांबवावे.

प्रमाण दाखवितानाही आकाराचा असाच घोटाळा होतो. दुप्पट उत्पन्न दाखविण्यासाठी दुप्पट उंचीचे कणीस काढले, की ते रुंदीलाही दुप्पट होते आणि कागदावर चौपट जागा व्यापते. पाहणाऱ्यास चौपट लाभाचा भास होतो. पुढे प्रत्यक्षात दुप्पटही न आले म्हणजे तो फलकावरचा व फलक लावणाऱ्यावरचाही विश्वास गमावतो. व्हिएन्ना येथे १९२५ साली ऑटो न्यूराथ ह्यांनी स्थापन केलेल्या समाज व अर्थ संग्रहालयात ह्यावर एक साधा उपाय रूढ करण्यात आला. मोठी संख्या दाखविण्यासाठी चिन्ह मोठे करावयाचे नाही. त्याच मापाची चिन्हे अधिक काढावयाची. एक पोते म्हणजे एक क्विंटल असे ठरविले, तर आठ क्विंटलांस आठ पोती व बारा क्विंटलांस बारा पोती, दोन ओळींत एकाखाली एक. पाहणाऱ्यास ती बोटाने मोजता येतात. खळ्यावर पोती मोजणाऱ्या शेतकऱ्यास ही रीत शिकवावी लागत नाही.

परिचित वस्तूचे चिन्ह किती काम करते ह्याचा मोठा दाखला आपल्या देशातच आहे. १९५१ च्या शिरगणतीप्रमाणे भारतात साक्षर लोक शेकडा १८ च्या आसपास होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उमेदवारांच्या मतपेट्या वेगवेगळ्या होत्या व त्यांवर बैलजोडी, झोपडी, वटवृक्ष अशी चिन्हे होती. कोट्यवधी लोकांनी ती ओळखून मत दिले. ती चिन्हे रोजच्या पाहण्यातील होती, आणि बाह्याकृतीवरूनच एक दुसऱ्यापासून वेगळे दिसे. आपल्या फलकावरील चिन्हांना हीच कसोटी लावावी. चित्र काळ्या शाईने भरून टाकले तरी ते कशाचे आहे हे ओळखता आले पाहिजे.

हेक्टर, एकर व गोणी

खताची शिफारस बहुधा दर हेक्टरी किलो नत्र, किलो स्फुरद, किलो पालाश अशी दिलेली असते. शास्त्रज्ञास ती तशीच द्यावी लागते. शेतकरी मात्र एकर व गुंठे बोलतो, आणि दुकानातून नत्र नव्हे तर युरियाची गोणी आणतो. ह्या दोन भाषांमधील भाषांतर शेतकऱ्यावर सोपवून आपण मोकळे होतो, हे योग्य नाही. समजा, शिफारस हेक्टरी १०० किलो नत्राची आहे. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. म्हणून एकरी ४० किलो नत्र. युरियात नत्र शेकडा ४६ असते. म्हणून एकरी सुमारे ८७ किलो युरिया. गोणी ४५ किलोची. म्हणजे दोन गोण्यांना तीन किलो कमी. हा सर्व हिशेब आपल्या वहीत करावा आणि फलकावर फक्त एका एकराच्या चौकोनात दोन गोण्या काढाव्यात. खत दोन हप्त्यांत द्यावयाचे असेल तर पहिली गोणी पेरणीच्या पाभरीशेजारी व दुसरी गुडघाभर पिकाशेजारी काढावी.

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू केलेल्या मृद आरोग्य पत्रिकेच्या योजनेत मातीचे बारा गुणधर्म तपासले जातात. पत्रिका ही नोंद म्हणून मोलाची आहे. परंतु बारा आकड्यांपैकी यंदाच्या हंगामात शेतकऱ्यास काही करता येण्याजोगे बहुधा दोन किंवा तीन असतात. कार्यकर्त्याने पत्रिका शेतकऱ्याच्या हाती देताना त्या दोनतीन ओळींभोवती स्वतःच्या हाताने वर्तुळ काढून द्यावे. एवढ्याने तिचा उपयोग वाढतो.

मात्रेच्या बाबतीत तर अधिकच काळजी घ्यावी. दहा लिटर पाण्यास पाच मिलिलिटर अशी सूचना असते आणि शेतकऱ्याचा पंप पंधरा किंवा सोळा लिटरचा असतो. त्यास साडेसात किंवा आठ मिलिलिटर लागतात. हे त्रैराशिक बांधावर, उन्हात, ओल्या हातांनी करावे लागू नये. गावात ज्या मापाचे पंप आहेत त्यांचे चित्र काढून खाली ‘एका पंपास’ असे लिहून आकडा द्यावा. द्रव बाटलीच्या झाकणाने मोजण्याची सवय सर्वत्र आहे, पण झाकणे सर्व बाटल्यांची सारखी नसतात. म्हणून चित्रात मापाचे भांडेच दाखवावे. दशांश चिन्ह फलकावर कधीही लिहू नये. ‘१.५’ मधील टिंब पावसाने उडाले की दीडाचे पंधरा होतात, आणि विषाच्या बाबतीत ही चूक दहापटीची आहे. तेथे ‘दीड’ असे अक्षरांत लिहावे.

निर्णयाची रेघ

आतापर्यंत जे फलक सांगितले ते एकदा रंगवून ठेवावयाचे. ह्याहून उपयुक्त असतो तो रोज बदलणारा फलक. पेरणी केव्हा करावी, फवारणी केव्हा करावी, हे निर्णय माहितीच्या एका मर्यादेवर अवलंबून असतात. ती मर्यादा भिंतीवर रेघेने दाखविता येते.

पहिले उदाहरण पेरणीचे. कोरडवाहू खरीप पिकांची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय व जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय करू नये, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो. तो वर्तमानपत्रांत छापून येतो आणि तरीही पहिल्या सरीवर पेरणी होते, पाऊस ओढ देतो, बियाणे वाया जाते व दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. शेजाऱ्याने पेरले की धीर सुटतो, हे त्याचे मोठे कारण. मिलिमीटर हे माप मनात भरत नाही, हेही एक कारण आहे. गावात एक साधा पर्जन्यमापक बसवावा. चावडीच्या भिंतीवर मीटरभर उंचीचा व वीतभर रुंदीचा उभा पट्टा आखावा. एक मिलिमीटर पावसास एक सेंटिमीटर, हे प्रमाण धरावे. पट्ट्यात ७५ वर लाल रेघ काढावी व १०० वर पट्टा संपवावा. रोज सकाळी आदल्या दिवसाचा पाऊस मोजून तेवढा पट्टा खालून वर निळ्या रंगाने भरत जावा आणि प्रत्येक भरीशेजारी तारीख घालावी.

पहिल्या पावसाने पट्टा अठरा बोटे भरलेला पाहिला म्हणजे लाल रेघ अजून किती दूर आहे हे लहान मुलासही दिसते. ‘पेरू नका’ असे सांगण्यापेक्षा हे दिसणे अधिक परिणामकारक आहे. कारण येथे निर्णय शेतकरी स्वतः घेतो. एक उणीव मात्र ध्यानात ठेवावी. पट्टा फक्त भरत जातो, तो रिकामा होत नाही. मध्ये पंधरा दिवस उघडीप पडली तर खालची ओल उडून गेलेली असते व पट्टा मात्र तेवढाच दिसतो. तारखा घालावयाच्या त्या ह्यासाठीच. दोन तारखांत मोठे अंतर दिसले तर पट्ट्यावर विसंबू नये. माती मुठीत दाबून पाहावी.

दुसरे उदाहरण कापसावरील गुलाबी बोंडअळीचे. कामगंध सापळ्यात दर सापळ्यास आठ किंवा अधिक पतंग सलग तीन रात्री सापडले, तर ती आर्थिक नुकसानीची पातळी समजतात व उपाय योजावा लागतो. हे वाक्य ऐकून लक्षात राहणे कठीण. भिंतीवर रात्रीमागून रात्र अशी उभी घरे आखावीत. रोज सरासरीने एका सापळ्यात जेवढे पतंग सापडले तेवढे ठिपके त्या दिवसाच्या घरात खालून वर द्यावेत. एक पतंग, एक ठिपका. आठव्या ठिपक्याच्या उंचीवर आडवी तांबडी रेघ असावी. तीन शेजारच्या घरांतील ठिपके रेघेला टेकले की त्या दिवशी कोणास बोलाविण्याची गरज राहत नाही. चार ठिपक्यांवर घाईने फवारणारा थांबतो आणि रेघ ओलांडूनही स्वस्थ बसणारा उठतो. दोघांचाही पैसा वाचतो, आणि अनावश्यक फवारणी टळली म्हणजे आरंभी सांगितलेला विषबाधेचा धोकाही तेवढा कमी होतो.

ज्यात निर्णयाची रेघ वस्तूतच बसविली आहे असे एक साधन येथे सांगण्यासारखे आहे. भातासाठी पानाच्या रंगाची पट्टी मिळते. फिलिपाइन्स येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तिचा प्रसार केला. प्लॅस्टिकच्या ह्या पट्टीवर फिकट पोपटीपासून गडद हिरव्यापर्यंत क्रमाने रंगाचे भाग असतात. शेतातील दहा रोपे निवडून प्रत्येकाचे सर्वांत वरचे पूर्ण उघडलेले पान, न तोडता, मधल्या भागाशी पट्टीवर ठेवून पाहावयाचे. स्वतःच्या अंगाची सावली पानावर पाडावी, कारण उन्हात रंग फिका भासतो. आणि दर वेळी शक्यतो एकाच माणसाने पाहावे. दहांपैकी सहा किंवा अधिक पाने ठरलेल्या रंगाहून फिकट निघाली तर नत्राचा हप्ता द्यावयाचा, नाही तर थांबावयाचे. ठरलेला रंग जातीप्रमाणे व लागवडीच्या पद्धतीप्रमाणे बदलतो. तेवढा विद्यापीठाकडून विचारून घ्यावा. येथे एकही अक्षर वाचावे लागत नाही, आणि रंग कशाचे प्रतीक नसून पानाचा रंग पानाच्याच रंगाशी ताडून पाहिला जातो.

अक्षर, क्रम व फुली

अक्षराविषयी थोडक्यात सांगतो. दहा फुटांवरून वाचावयाच्या अक्षराची उंची निदान एक इंच असावी, तीस फुटांवरून वाचावयाच्या अक्षराची तीन इंच. ही उंची शिरोरेघेपासून खालच्या टोकापर्यंतची धरावी. वेलांटी, मात्रा व उकार ह्यांना वरखाली वेगळी जागा सोडावी, नाही तर एका ओळीचा उकार दुसऱ्या ओळीच्या अनुस्वारावर बसतो. जाड कुंचल्याने घ आणि ध, भ आणि म एकसारखे दिसू लागतात, ख चा रव होतो, व घाईत काढलेला १ हा ९ वाटतो. पिवळ्यावर काळे व पांढऱ्यावर काळे किंवा गडद निळे चांगले उठते. लालवर हिरवे किंवा हिरव्यावर लाल लिहू नये. काही पुरुषांस जन्मतः ह्या दोन रंगांतील भेद दिसत नाही आणि त्यांस स्वतःलाही ते ठाऊक नसते. ह्याच कारणाने कोणताही अर्थ केवळ रंगावर सोपवू नये. सोबत आकार किंवा शब्द असावा.

चित्रमालिकेचा क्रमही गृहीत धरू नये. देवनागरी वाचणारा डावीकडून उजवीकडे जातो, मराठवाड्यातील उर्दू शिकलेला शेतकरी उजवीकडून आरंभ करील, आणि न शिकलेला जे चित्र ठळक असेल तेथून. डावीकडे रोगट व उजवीकडे उपचारानंतरचे निरोगी झाड काढले, तर उलट बाजूने पाहणाऱ्यास उपचाराने झाड रोगट झाले असे दिसेल! म्हणून चित्रे एकाखाली एक मांडावीत व प्रत्येकास मोठा क्रमांक द्यावा.

चुकीच्या कृतीवर लाल फुली मारण्याची पद्धत आहे, तीही जपून वापरावी. फुलीचा अर्थ शाळेत चूक असा शिकविला जातो. परंतु व्यवहारात निवडलेल्या गोष्टीवर खूण म्हणूनही आपण फुली करतो. तोंडाने नोझल फुंकणाऱ्या माणसाचे चित्र व त्यावर एक फुली, एवढ्याने काम भागत नाही. नोझल तारेने किंवा टाचणीनेही न टोचता मऊ ब्रशाने व पाण्याने साफ करणारा माणूस शेजारी दाखवावा. काय करू नये त्याचे चित्र लहान, काय करावे त्याचे चित्र मोठे.

रंगविण्यापूर्वी

फलक भिंतीवर जाण्यापूर्वी तो कागदावर पेन्सिलने काढून पाचसहा जणांस दाखवावा. ह्यांत सरपंच, शिक्षक व प्रगतिशील शेतकरी नकोत. त्यांस सर्व कळते. फवारणीस जाणारा मजूर, निंदणीस जाणारी बाई, वयस्क आजोबा, अशांस दाखवावा. ‘कळले का?’ असे विचारू नये. आपल्याकडे पाहुण्याचे मन मोडू नये म्हणून सर्वजण होय म्हणतात. ‘ह्यात काय दिसते? ह्यावरून तुम्ही उद्या काय कराल?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. आपणास हे गप्प बसणेच फार कठीण जाते. सांगणाऱ्याने चूक सांगितले तर त्यास सुधारू नये, चित्र सुधारावे. तीनचार जण एकाच ठिकाणी अडखळले तर तो भाग टाकून नव्याने काढावा. एवढे करण्यास एक सकाळ पुरते व खर्च दोन कागदांचा येतो.

भिंतीवर एका वेळी किती फलक असावेत, ह्याविषयीही आपले मत सांगतो. हंगामाचा एक व रोजचा एक, असे दोन पुरेत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तो लिहिल्याची तारीख असावी, आणि काम संपल्यावर तो पुसण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याचीच असावी. जुना फलक केवळ जागा अडवितो असे नाही. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती, ती २०१८ पासून ४५ किलोची झाली. वरील हिशेबातील एकरी ८७ किलो युरियास त्या काळी पावणेदोन गोण्या लागत, आणि एखाद्या गावच्या भिंतीवर ‘एकरी पावणेदोन गोण्या’ हे वाक्य अजून तसेच असेल. ते वाचून खत देणाऱ्या शेतकऱ्याच्या प्रत्येक एकरात सुमारे नऊ किलो युरिया कमी पडतो.